बेसिनच्या काठावरचा काळा चिमटा

मावशीला पहिली शिसारी आली ती वाट्या बघून.

केसांचा रंग कालवायच्या प्लॅस्टिकच्या वाट्या त्या. तळाला तपकिरी-जांभळा डाग कायमचा बसलेला, आतून मापाच्या रेघा. त्यांत कुणीतरी द्राक्षाचा रस ओतून त्या नखं कापायच्या ट्रॉलीवर ओळीनं मांडल्या होत्या. शेजारी कापसाच्या डब्याला टेकून पावाचे तुकडे ठेवलेले. एका तुकड्यावर केस होता. लांब, सोनेरी रंगवलेला, मुळाशी काळा. तो केस कुणाच्या डोक्यावरचा हेसुद्धा मावशीनं तिथल्या तिथे ओळखलं.

"हे काय?" तिनं विचारलं.

"प्रभुभोजन, मावशी," चर्चचा नवा पाळक म्हणाला. त्याच्या अंगात बिनबाह्यांचं जाकीट, पायांत पांढरेशुभ्र बूट. "तुमच्याच वाट्या आहेत, धुतल्यात. तुमच्या रोजच्या कामातून थेट वेदीवर! किती खरं वाटतंय ना?"

"धुतल्यात म्हणजे कशानं?"

"पाण्यानं."

"रंगातला अमोनिया पाण्यानं जातो होय? पोरांची तोंडं भाजतील."

पाळक हसला. तो हसला म्हणून आजूबाजूची पोरं-पोरीही हसली. मावशीनं बाराच्या बारा वाट्या उचलल्या, रस मोरीत ओतला आणि कपाटातून कागदी पेले काढून ट्रॉलीवर आदळले.

"रस म्हणजे प्रभूचं रक्त कसं, ते तुम्ही बघा, माझं तेवढं शिक्षण नाही. पण या वाटीतून काल दुपारी बँकेतल्या मॅनेजरबाईंच्या भुवया रंगल्यात, एवढं मला पक्कं ठाऊक आहे."

हे सगळं सुरू झालं होतं तिच्याच बेसिनपासून, आणि त्याचा तिला जास्त राग होता.

सलून तिचं स्वतःचं. तीन खुर्च्या, केस धुवायची दोन बेसिनं, केस वाळवायची चार मोठी टोपडी भिंतीला लागून. गल्लीतला लहानथोर तिला मावशी म्हणायचा. खरी भाची जगात एकच, बाकीच्यांची ती फुकटची मावशी. तीस वर्षांपूर्वी जिच्या हाताखाली ती कात्री धरायला शिकली, त्या बाईनं पहिल्याच दिवशी हातात झाडू देऊन सांगितलं होतं, "एक डोकं उठलं की दुसरं बसायच्या आत खालचे केस झाडायचे. आणि केसांबरोबर त्या डोक्यानं जे काही सांगितलं असेल तेही झाडायचं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या पायाला आधीच्याचं काही लागता कामा नये." मावशीनं तीस वर्षं तेच केलं. लग्नं मोडणार असल्याच्या बातम्या, लपवलेली दुखणी, पळून जायचे बेत, सगळं तिनं सुपलीत भरून डब्यात टाकलं. नवरा होता तोवर तो म्हणायचा, "तुझ्या पोटात एवढं आहे की तू जेवतेस कशाला?"

बेसिनची गोष्ट निराळीच असते. माणूस मान मागे टाकतो, गळा उघडा पडतो, डोळे मिटतो, कोमट पाणी टाळूवर पडतं आणि अनोळखी बोटं कवटी चोळायला लागतात. बघणारं कुणी समोर नसतं. भले भले तिथे बोलतात. जे बायकोला सांगितलं नाही, डॉक्टरला सांगितलं नाही, ते छताकडे तोंड करून सांगतात.

नवा पाळकही असाच बोलला होता. जुने पाळकसाहेब निवृत्त झाले आणि हा आला, त्याच महिन्यात एका मंगळवारी तो केस कापायला आला. मावशीनं त्याचं डोकं बेसिनमध्ये घेतलं. अर्ध्या शॅम्पूत तो रडायला लागला. मग त्यानं एक गोष्ट सांगितली. एका वाक्यात मावणारी होती. पण चर्चच्या मंडळीनं ती ऐकली असती, तर पुढच्या रविवारी व्यासपीठावर दुसरा माणूस दिसला असता. मावशीनं काही विचारलं नाही. टॉवेल गुंडाळला, केस कापले, तो गेल्यावर खालचं झाडून घेतलं. विषय संपला.

तिच्यापुरता संपला. त्याला मात्र भलतंच सुचलं. चर्चमध्ये बाकं रिकामी. पहिल्या दोन रांगांत म्हातारी माणसं, ती खोकण्यासाठी आल्यासारखी येत. तरुण पोरं फिरकत नव्हती. पाळकानं समितीपुढे मांडलं की पोरं चर्चमध्ये येत नसतील तर चर्चनं पोरांकडे जावं. समिती आधीच टेकीला आलेली, तिनं मान डोलावली. त्यानं व्यायामशाळेत एक रविवार करून पाहिला, पण तिथे घामाचा वास आणि वजनं आपटल्याचा आवाज. मग त्याला सलून आठवलं.

विचारायला तो स्वतः आला नाही. त्यानं मावशीच्या थोरल्या बहिणीला पाठवलं. ताई चर्चमधलं मोठं प्रस्थ. तिच्या नवऱ्यानं वीस वर्षं तिथला ऑर्गन वाजवलेला.

"रविवारी तुझं सलून बंदच असतं की," ताई म्हणाली.

"बंद असतं कारण रविवारी मी पाय वर करून पडते."

"माझ्यासाठी कर. खारू येईल गं. चर्चमध्ये तिला घुसमटतं म्हणते. तुझ्याकडे तरी येईल."

खारू म्हणजे ताईची मुलगी, मावशीची ती एकुलती एक खरी भाची. लहानपणी गोळ्या-चॉकलेटं उशीत, बुटांत, कुठेही दडवून ठेवायची, म्हणून खारूताई. पुढे नुसती खारू. आता तेवीस वर्षांची, पार्सलं वाटणाऱ्या कंपनीत कामाला. बाप गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, चर्चची पायरी चढली नव्हती. मायलेकी एका घरात राहून एकमेकींना चुकवत होत्या. ताईचा चेहरा बघून मावशी विरघळली. तिथेच चुकलं.

पहिल्याच रविवारी काचेवर फलक लागला: 'मोकळे केस, मोकळं मन'. दिवे गुलाबी झाले. टोपड्यांखालच्या खुर्च्या म्हाताऱ्यांना, जमिनीवर गाद्या टाकून पोरं-पोरी. दारात एक मुलगी हसत हसत कागदावर सही घ्यायची. आजच्या उपासनेतली चित्रं आणि आवाज मंडळीच्या कामासाठी वापरायला माझी हरकत नाही, असं काहीतरी त्यावर बारीक अक्षरांत. वाचत कुणीच नव्हतं. गिटारवाला मावशीच्या स्टुलावर बसून ओळी घोळवायचा आणि पाळक फिरत्या खुर्चीत गरागरा फिरत प्रवचन द्यायचा. 'मला पाळक म्हणू नका, दादा म्हणा,' हे तो दर रविवारी नव्यानं सांगायचा. प्रार्थनेच्या वेळी ज्याला हवं त्यानं बेसिनवर यायचं, मावशीनं डोकं धुवायचं, आणि पाळकानं शेजारी उभं राहून डोळे मिटायचे. एक डोळा फोटोवाल्याकडे.

मावशीला किळस यायची. तिच्या धुतलेल्या टॉवेलांना पोरं नाक पुसायची. निर्जंतुक करून ठेवलेल्या कंगव्यांवर पावाचा चुरा. तरी तिनं दात-ओठ खाऊन धुतलं. कशासाठी? खारू येईल म्हणून.

पाचव्या रविवारी खारू आली. दाराशी मांडामांड करणाऱ्या मुलीनं कागद पुढे केला, खारूनं उभ्या उभ्या सही ठोकली. उपासनेला अजून तास होता. आवाजवाला वायरी जोडून कॉफी प्यायला बाहेर गेलेला, सलूनमध्ये मावशी एकटी.

"डोकं धुऊन दे गं," खारू म्हणाली. "गोदामातली धूळ आठ दिवस जात नाहीये, कळतंय ना?" प्रत्येक वाक्याला शेपटीसारखं 'कळतंय ना' लावायची तिला खोडच होती, आणि त्यामागून नाकातून एक छोटंसं फुस्स हसू.

मावशीनं बेसिनच्या काठावरून फडकं फिरवलं. काठाच्या आतल्या बाजूला एक काळा चिमटा अडकलेला होता. असले काळे चिमटे तिच्याकडे दोनशे. केसांचे भाग वेगळे करायला लागतात, कुठेही अडकवून ठेवायची तिची सवय. हा जरा जाडसर वाटला. तिनं तो काढला, मागे टॉवेलाचा दोरा अडकल्यासारखा दिसला तिकडे लक्ष न देता स्पिरिटनं पुसला आणि होता तिथेच परत लावला.

पाणी सोडलं. खारूनं डोळे मिटले.

"मावशी, बाबांच्या हाताशी ती घंटा होती बघ. पितळेची."

"हं."

"तीन वर्षं. एक बाजू गेलेली, पण घंटेचा हात शाबूत. पाणी हवं, कूस बदलायचीय, भांडं हवं, वाजव घंटा. काही नको असलं तरी वाजव. आईची कामाची पाळी रात्रीची, म्हणजे घंटा माझी, कळतंय ना?" फुस्स. "ते गेले त्या रात्री घंटा वाजली नाही. मी आठ तास झोपले. सकाळी जाग आली आणि मला इतकं बरं वाटलं, मावशी. इतकं हलकं. मी आनंदात होते. बाप मेला आणि मी आनंदात. आईला वाटतं मी रडून रडून झोपले होते. ती ती घंटा रोज पुसून ठेवते. चर्चमध्ये त्यांचं कौतुक सुरू झालं की मला ओकारी येते, त्यांची नाही, माझी."

मावशीनं बोटं थांबवली नाहीत. कानामागं, मानेच्या खळगीत, हळूहळू चोळत राहिली.

"आईला कळलं तर ती मरेल," खारू म्हणाली.

"तिला कोण सांगतंय?" मावशी म्हणाली.

केस पुसले, टोकं सारखी केली, खारू उठल्यावर खालचं झाडून टाकलं.

सहाव्या रविवारी सलून खच्चून भरलेलं. ताई दुसऱ्या टोपड्याखाली, मांडीवर पर्स घट्ट धरून, चेहरा उजळलेला, कारण खारू परत आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. पाळकानं दिवे मंद केले.

"आज मी बोलणार नाही," तो म्हणाला. "आज बेसिन बोलेल."

स्पीकरमधून आधी पाणी ऐकू आलं. मावशीला कौतुक वाटलं क्षणभर. आपल्याच नळाचा आवाज, पण नदीसारखा. मग एक आवाज आला. जाडसर केलेला, जणू घोंगडीतून बोलतोय.

"तीन वर्षं. एक बाजू गेलेली, पण घंटेचा हात शाबूत..."

आवाज जाड करता येतो, लकब कशी जाड करणार? 'कळतंय ना' आलं, मागून फुस्स आलं. मागच्या गादीवरच्या दोन पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. ऑर्गन वाजवणाऱ्याची घंटा मंडळीतल्या कुणाला ठाऊक नव्हती? त्याला भेटायला जाऊन प्रत्येकानं ती ऐकली होती.

"बाप मेला आणि मी आनंदात."

ताई उठली. टोपडं वर सारायचं भान तिला राहिलं नाही, कपाळ त्याच्या कडेवर आपटलं. ती तशीच उभी राहिली, पर्स खाली पडलेली, कपाळावर लाल रेघ. "बंद करा," ती म्हणाली, पण इतक्या हळू की शेजारच्यालाच ऐकू गेलं.

आवाज संपला. आणि पाळकानं टाळ्या वाजवल्या. पाळकानं! "याला म्हणतात साक्ष!" तो ओरडला. "नाव नाही, चेहरा नाही, फक्त सत्य! या बहिणीसाठी टाळ्या!" आणि त्या गाढवांनी वाजवल्या. काहीजण रडत रडत वाजवत होते. त्या गुलाबी उजेडात ते ओले, भारावलेले, पोट भरल्यासारखे चेहरे मावशीला बघवेनात. लोकांच्या डोक्यांत तिनं उवा पाहिल्या होत्या, खपल्या पाहिल्या होत्या, पू पाहिला होता. असं कधी झालं नव्हतं.

खारूनं टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघितलंच नाही. ती मावशीकडे बघत होती. फक्त मावशीकडे.

"तुलाच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि दार ढकलून बाहेर गेली.

मावशी बेसिनशी गेली. काठाखाली बोट घातलं, तो जाड चिमटा उपटला. त्याच्या मागून दोऱ्याएवढी वायर आली, फळीच्या मागून, खालपर्यंत. स्पिरिटनं पुसला होता तिनं तो. स्वतःच्या हातानं चकचकीत करून परत लावला होता.

वायर ओढत ती पाळकापुढे उभी राहिली. "हे काय आहे?"

"मावशी, आधी नुसता पाण्याचा आवाज घ्यायचा होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "यंत्र चालू राहिलं, आणि हे मिळालं. मिळालं म्हणजे, दिलं गेलं आपल्याला. तिनं कागदावर सही केली आहे. आणि बघा ना, किती जणांना स्पर्श झालाय."

"तिची आई बसलीय तिथे."

"दुःख उघडं झाल्याशिवाय भरत नाही, मावशी."

"मग तुझं उघडं करू?"

'तुम्ही'वरून 'तू'वर ती केव्हा आली ते तिलाही कळलं नाही. पाळकाला अजून उमगलं नव्हतं. समोर भारावलेली गर्दी, फोटोवाला गुडघ्यावर बसलेला. त्याच्या अंगात वारं संचारलेलं. त्यानं हातातला माइक तिच्या हातात दिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मित्रांनो, आपल्या मावशी! या हातांनी किती मनं धुतली असतील! मावशी, तुम्ही ऐकलेलं काहीतरी आम्हाला सांगा!"

मावशीनं माइककडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सांगते," ती म्हणाली. स्पीकरमधून तिचा आवाज चारी भिंतींना लागला. "या बेसिनमध्ये तुझंही डोकं होतं. मंगळवार होता."

आता त्याला कळलं. आधी कान पांढरे पडले, मग ओठ. फिरत्या खुर्चीची पाठ त्यानं धरली, खुर्ची फिरली, तो अर्धा वळला आणि परत आला. "मावशी," तो म्हणाला. "मावशी, नको."

एक वाक्य. तिच्या जिभेवर ते आयतं येऊन बसलं होतं. बोललं असतं तर हा माणूस संपला असता, पांढऱ्या बुटांसकट. आणि ते बोलून टाकावं अशी तिची स्वतःची इच्छा इतकी होती की माइक तिनं ओठांशी नेला. टोपड्याखालून ताई बघत होती. काचेबाहेर फुटपाथवर खारू उभी होती; गेली नव्हती. बाहेरही स्पीकर ऐकू जात होता.

"घाबरलास?" मावशी म्हणाली. "घाबर. पण मी सांगणार नाही. तू चांगला आहेस म्हणून नाही. तुझी मला घाण वाटते. पण इथे मान मागे टाकून जो बोलला त्याचं बोलणं इथेच राहतं, तो कसाही असो. हे मला एका न्हाविणीनं शिकवलं. तुला एवढ्या जाड पुस्तकातून कुणी शिकवलं नाही?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं सुरुवात केली, शेजारणीनं त्याचा हात धरला.

"आता उठा सगळे," मावशी म्हणाली. "मला झाडायचंय."

पुढचा महिना वाईट गेला. फलक निघाला, गुलाबी दिवे गेले. समितीतले दोन गृहस्थ एका सकाळी गिऱ्हाईक नसताना आले, टोप्या हातात घेऊन. त्यांना पाळक बदलायचाच होता, फक्त ठोस कारण हवं होतं. "तुम्हाला काहीतरी माहीत आहे म्हणे."

"केस कापायचेत?" मावशीनं विचारलं.

"नाही, आम्ही..."

"मग खुर्ची अडवू नका."

ताईनंही फोनवर विचारलं, रडत, चिडून. "त्यानं माझ्या लेकीचे वाभाडे काढले, आणि तू त्याला झाकतेस?" मावशीनं ऐकून घेतलं. नंतर ताईचा फोन येईना. पाळक अजून चर्चमध्येच होता, लाकडी बाकांपुढे, साध्या कपड्यांत, खाली बघून प्रवचन देतो असं गिऱ्हाइकं सांगायची. एकदा तो समोरून आला आणि गल्ली ओलांडून पलीकडे गेला. बरं केलं.

खारू आली नाही. तिनं आरशात बघून स्वतःचे केस स्वतःच कापल्याचं कुणीतरी सांगितलं. मावशी दर शनिवारी बेसिनचा काठ खालून-वरून पुसायची आणि सगळे काळे चिमटे डब्यात मोजून टाकायची. मोजायची कशाला, तिलाच कळत नव्हतं.

एका गुरुवारी दुपारी दार उघडलं. खारू, कंपनीच्या जाकिटात. एका बाजूचे केस कानाच्या वर, दुसऱ्या बाजूचे खांद्यावर.

"हे कुणी केलं?" मावशी म्हणाली. "शत्रूनं?"

खारू हसली नाही. उभीच राहिली. "तो काय बोलला होता?"

"कोण?"

"माहीत आहे कोण. मला सांग. मला तरी सांग. मी कुणाला सांगणार नाही, कळतंय ना? माझा हक्क आहे तो."

"असेल."

"मग?"

"झाडून टाकलं."

"मावशी, त्यानं माझं..."

"त्यानं काय केलं ते मी पाहिलंय. तो चिमटा मीच पुसून लावला, ते मला मरेपर्यंत पुरेल. पण त्याचं मी तुला सांगितलं, तर तुझं मी कुणाला सांगितलं नाही हे तू कशावरून धरणार?"

बाहेर एक गाडी मागे येताना टूक टूक करत होती. ती थांबेपर्यंत खारू काचेबाहेर बघत राहिली.

"आईनं ती घंटा कपाटात टाकली," खारू म्हणाली. "काही बोलली नाही. अजून बोलत नाही. कपाट लावताना ती एकदा वाजली. आम्ही दोघी दचकलो."

मावशीनं टॉवेल झटकला.

खारू बेसिनशी गेली. बसली नाही आधी. वाकली, बोट काठाखाली घातलं आणि सबंध बेसिनभोवती फिरवलं, सावकाश, नळाच्या मागे, फळीच्या खाली, पार भिंतीपर्यंत. मग दुसऱ्या बेसिनचंही तसंच. मावशी टॉवेल घेऊन थांबली होती.

काही सापडलं नाही. खारूनं ओलं बोट जाकिटाला पुसलं, खुर्चीत बसली आणि मान मागे टाकली.

"पाणी फार गरम नको," ती म्हणाली.